पाटी नसलेला फोटो

लाखांदूरला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहिले, तिथे दाराची कडी वाजवायची पद्धत नव्हती. त्या घरात एसटीची घंटा होती. भंगारवाल्याकडून आणलेली पितळी घंटा माझ्या वरच्या खोलीत छताला टांगलेली, आणि तिची दोरी जिन्याच्या कडेने खाली ओसरीपर्यंत गेलेली. एकदा वाजली तर थांबा, दोनदा वाजली तर चला. राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे पाच वाजता माझ्या डोक्यावर टण टण झालं. मी धडपडत उठून बसले, तर खालून आवाज आला, "म्याडम, डबल बेल झाली. गाडी सुटून राहिली." कुठली गाडी आणि कुठे जाणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी चपला शोधायला लागले.

गाडी वगैरे काही नव्हती. ते पायीच तळ्यावर निघाले होते. भाडं ठरवताना मी "मला पक्ष्यांचे फोटो काढायला आवडतात" असं नुसतं बोलले होते, तेवढं त्यांनी धरून ठेवलं होतं.

घरमालक म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. घराणं मासेमारांचं. भाऊ, पुतणे सगळे तळ्यावर जाळी टाकणारे. हे एकटेच खाकी चढवून तिकिटं फाडायला गेले. निवृत्त झाले तरी कंडक्टरकी अंगातून उतरली नव्हती. खाकी शर्ट रोज घालायचे, फक्त बिल्ला काढून ठेवला होता. स्वतःच्या घरातही उंबऱ्यावर एक पाय आणि पायरीवर एक पाय ठेवून उभे राहत. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना "मागं जागा हाय, मागं चला" म्हणून सरकवत. त्यांची बायको, काकू, बाजारात मासे विकायच्या आणि तोंडाने खमक्या होत्या. "नवऱ्यासंग संसार नाई केला मी," त्या म्हणायच्या, "फुल तिकीट काढून प्रवास केला."

मी स्वतः जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. तिथे सगळं भोंग्यावर आणि कारखान्याच्या बसच्या वेळेवर चालतं. त्यामुळे घंटेवर उठणं मला लवकर अंगवळणी पडलं. बँकेत लागल्यावर पहिली मोठी खरेदी कॅमेऱ्याची केली होती, आणि बदली लाखांदूरला झाली तेव्हा मैत्रिणींनी हळहळ व्यक्त केली तरी मी मनातून खूश होते. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, आणि तळी. पक्षी काढायला याहून काय हवं!

त्यांचं माझ्याशी पहिलं भांडण झालं ते एका शब्दावरून. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या भरावावर, बसून मी म्हटलं, "अंदाजे पंचवीस अडई आहेत." अडई म्हणजे शीळ घालणारं छोटं बदक. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विनातिकीट सापडले आहे.

"अंदाजे? गाडीत अंदाजे पंचवीस लोक बसते का? चोवीस हाय. पंचवीसवा कोन, ते सांगा, अन् कुटं उतरला ते बी सांगा."

ते पक्षी मोजायचे ते कंडक्टर गाडीतली डोकी मोजतो तसे. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत, दोन दोन करत, ओठ न हलवता. थवा उडाला की परत बसेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कितीही उशीर झाला तरी हिशेब जुळल्याशिवाय हलायचे नाहीत. मला बँकेत उशीर व्हायचा. तिथे काय सांगणार? एक बदक कमी भरत होतं म्हणून?

हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरली तेव्हा त्यांचा खरा अवतार पाहिला. एका सकाळी घंटा वाजली नाही, म्हणून मी एकटीच तळ्यावर गेले. पाण्यावर पाच मडकी पालथी तरंगत होती. चार दिवसांपासून ती तिथे होती. कोणी फेकली असतील असं मी समजले होते. कॅमेरा काढून पाळीवर उभी राहिले, तोच त्यातलं एक मडकं दबक्या आवाजात म्हणालं, "म्याडम, खाली बसा न. उभ्या काहून राहून राहिल्या?"

मी बसले नाही, पडले. मडक्याला दोन भोकं होती आणि त्यातून त्यांचे डोळे माझ्याकडे बघत होते. त्यांचे आजोबा असं मडकं डोक्यावर घालून गळ्याएवढ्या पाण्यात बसायचे आणि जवळ आलेलं बदक पायाला धरून खाली ओढायचे. आधी काही दिवस रिकामी मडकी सोडून ठेवायची, म्हणजे पाखरांना त्यांची सवय होते. नातवाने विद्या तीच ठेवली, फक्त ओढायचं सोडून दिलं. बदकं मडक्याला घासून गेली की मोजायची, बस. "आज्यानं जेवढे खाल्ले," ते म्हणाले, "तेवढे त मोजले पाह्यजे न मी."

मीही एकदा मडकं घातलं. चष्म्यावर वाफ धरली, पायाला जळू चिकटली आणि एक तलवार बदक वीतभर अंतरावरून गेलं. शेपटीची लांब टोकदार पिसं, मानेवरची पांढरी रेघ, सगळं असं समोर, आणि कॅमेरा पाळीवर पिशवीत! बाहेर आल्यावर मी चरफडत होते. ते अंग पुसत म्हणाले, "पाह्यलं न? मंग झालं. फोटो म्हंजे पास हाय म्याडम. पास दाखवाले असते. मानूस गाडीत बसला होता का नाई, ते महत्त्वाचं." तेव्हा मला राग आला होता. आता त्या बदकाचा फोटो नाही म्हणूनच ते बदक इतकं स्वच्छ आठवतं, असं वाटतं.

फोटोंचा त्यांना राग नव्हता. माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन ते एकेक फोटो तिकीट तपासल्यासारखा बघायचे. पण पक्ष्याकडे नाही, पक्ष्याच्या मागे. "हे मोहाचं झाड दिसून राहिलं. म्हंजे कोनत्या बोडीवरचा फोटो, ते सांगून देतो मी." आणि सांगायचे, कोणतं छोटं तळं ते बरोबर सांगायचे. "गाडी कुटं चालली, हे लोकायले पाटीवरून समजते. तुमच्या फोटोले बी पाटी असते म्याडम. झाड, देऊळ, खांब, पुलाचा कठडा. घरट्याचा फोटो असन त पाटी काढून टाका. नाईतर लोक बसते न गाडी भरून." मी हो हो म्हणायचे.

आता एका म्हातारीची गोष्ट सांगायला हवी. ती त्यांनी मला सांगितली नाही, काकूंनी सांगितली, तीही तक्रार म्हणून. एकदा त्यांच्या गाडीत एक म्हातारी चढली. तिला लाखनीला लेकीकडे जायचं होतं आणि गाडी जात होती पवनीला. गर्दीत कळलं नाही. तिकिटासाठी तिच्यापर्यंत पोचले तोवर गाडी बरीच पुढे गेली होती. त्यांनी घंटा मारली, गाडी थांबवली, म्हातारीला आणि तिच्या गाठोड्याला फाट्यावर उतरवलं. इथवर कुणीही करेल. पण हे स्वतःही उतरले. समोरून परतीची गाडी येईपर्यंत तिच्याजवळ झाडाखाली उभे राहिले, तिला त्या गाडीत बसवलं, तिथल्या कंडक्टरला तिची नीट ओळख करून दिली आणि मग आपल्या गाडीत चढले. तोवर सगळी गाडी ताटकळलेली. ड्रायव्हर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "चुकीच्या गाडीत बसलेल्या मानसाले एकटं सोडाव नाई. आन् बसू तर द्यावच नाई. माह्या सर्विसमंदी मी कोनाले चुकीच्या गाडीत बसवलो नाई." हे सांगताना त्यांचा आवाज जरासा चढला होता. माणसाला आयुष्यात एखादीच गोष्ट अशी छातीवर हात ठेवून सांगता येते.

पुढच्या पावसाळ्यात, रोवणी आटोपल्यावर, त्यांनी मला सारसाचं घरटं दाखवलं. माणसाच्या उंचीचा, लाल मानेचा हा पक्षी आता आमच्या भागात मोजकाच उरलाय. एका गावाबाहेर धानाच्या बांधीत त्या जोडीने खाटेएवढ्या जागेतलं धान उपटून, गवत रचून त्यावर दोन अंडी घातली होती. गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

बांधीची मालकीण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भेटली. शेतकरीणबाई, कंबरेला पदर खोचलेला, चेहरा वैतागलेला. "पाखरायनं खाल्लं तेवढं खाल्लं," ती म्हणाली. "पन पाह्याले लोक आले, त सारा धान तुडवून टाकन. मंग मी काय करू? त्याच्यापेक्षा आताच हुसकून लावतो."

"एक मानूस नाई येनार," ते म्हणाले. "माही जबाबदारी. अंडे फुटून पिल्लं चालत निंगून जाईपर्यंत. मंग तुमी अन् तुमची बांधी."

तिने त्यांच्या खाकी शर्टाकडे पाहिलं आणि मान डोलावली. निंदणाऱ्या बायांनी घरट्याभोवतीचा घेर न निंदता सोडला. आम्ही दोन बांध्या अलीकडे बसायचो, आठवड्यातून एकदाच, तेही थोडा वेळ.

असं असताना मी तो फोटो काढला. नर घरट्याकडे येतोय, मादी उठून उभी राहतेय, दोघांच्या माना एकमेकींकडे वळलेल्या आणि खाली अंड्यांचा फिकट उजेड. माझ्या हातून तोवर इतका चांगला फोटो निघाला नव्हता, खोटं कशाला बोलू. शनिवारी दुपारी मी तो फोनवरच्या पक्षिमित्रांच्या गटात टाकला. गाव लिहिलं नाही, तालुका लिहिला नाही. स्वतःवर खूश होते. लोक वाहवा करत होते आणि मी दर पाच मिनिटांनी बघत होते. संध्याकाळी नागपूरच्या एकाने लिहिलं, "मागे डीपीवर गावाचं नाव वाचलं. उद्या सकाळी दोन गाड्या घेऊन येतोय."

शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपी म्हणतात. त्याच्या खांबावर पिवळ्या रंगात गावाचं नाव रंगवलेलं होतं. फोटोत ते कोपऱ्यात, धूसर, तांदळाएवढं. मोठं करून पाहिल्यावर मात्र सरळ वाचता येत होतं. मी झाडं बघितली होती, देऊळ बघितलं होतं. खरोखरीची पाटीच तेवढी बघायची राहिली.

फोटो काढून टाकला, पण पाहणाऱ्यांनी पाहिला होता. त्या माणसाला मी लिहिलं, फोन केला. तो "अहो मॅडम, आम्ही लांबूनच काढू" म्हणत राहिला. तेव्हा मी खाली गेले. ते ओसरीत भावाचं जाळं सांधत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गाठी मारत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती लोक?"

"अंदाजे…" माझ्या तोंडून निघालं. मग मी रडायलाच लागले.

रविवारी घंटा एकदाच वाजली. आम्ही त्या गावाच्या फाट्यावर चहाच्या टपरीपाशी जाऊन बसलो. "तुमी बोलाव नाई," त्यांनी मला बजावलं. उजाडल्यावर दोन गाड्या आल्या. उतरलेली मुलं सभ्य होती, हे मला सांगायलाच हवं. हाताएवढ्या लेन्स, पण बोलणं अदबीचं. खाकी शर्ट पाहून सरळ त्यांच्याकडेच आली.

"काका, इथे सारसचं घरटं आहे ना? कोणत्या बाजूला?"

त्यांनी अंगठा बोटांवरून फिरवला. सात जण होते. मग म्हणाले, "होतं. उठलं तिथून. पान्यात अंडे गेले."

मुलं हळहळली. एकाने विचारलं, आता दुसरीकडे कुठे बघायला मिळेल? "लाखनीकडे तलाव हाय मोठा. तिकडं चला."

"रस्ता सांगा काका, आम्ही जाऊ."

"नाई," ते म्हणाले. "मी येतो संग."

आणि ते पुढच्या गाडीत बसले. दार लावताना त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरले नाही. फाट्यावर म्हातारीशेजारी उभा राहिलेला कंडक्टर आता सात जणांना स्वतःच्या हाताने चुकीच्या गाडीत बसवून घेऊन चालला होता, आणि एकटं सोडवत नव्हतं म्हणून स्वतःही बसला होता.

मी दिवसभर त्या शेतकरीणबाईसोबत धुऱ्यावर होते. तिसरी गाडी आली नाही. सारस आलटून पालटून अंड्यांवर बसत राहिले. संध्याकाळी मी स्टँडवर जाऊन थांबले. लाखनीहून येणाऱ्या गाडीतून ते शेवटी उतरले, आधी सगळ्यांना उतरू देऊन.

"काय झालं?" मी विचारलं.

"दाखवलं सारं. कमळपक्षी दाखवले, उघड्या चोचीचे करकोचे दाखवले, एकोनचाळीस जातीचे पाखरं. जेवू घातलं त्यायनं मले." थोडं चालल्यावर ते थांबले. "धन्यवाद म्हनलं, म्याडम. सातही जनांनी पाया पडून धन्यवाद म्हनलं. शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं."

मी माफी मागितली. ते पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. त्यानंतरही नाही. ते माझ्याशी नीट बोलायचे, चहा द्यायचे, पण "म्याडम" म्हणायचं सोडून दिलं होतं. गरज पडली तर काकूंना सांगायचे, "वरच्या प्रवाशाले इचारा, पानी आलं का." खाकी शर्ट दोरीवर वाळत होता, तो घडी होऊन पेटीत गेला. बनियनवर ओसरीत बसायचे. काकू एकदा मला मागच्या अंगणात म्हणाल्या, "तुह्यावर राग नाई त्यायचा, बाई. सोताचाच राग येऊन राहिला." याने मला जास्तच वाईट वाटलं. मी पहाटे पाचला आपोआप जागी व्हायचे आणि छताकडे बघत पडून राहायचे. घंटा तिथेच होती, गप्प. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

एकोणीस दिवस. मी मोजले होते, अंदाजे नाही.

विसाव्या पहाटे टण टण झालं. मी जिन्यावरून जवळजवळ घसरतच खाली आले. ते उंबऱ्यावर एक पाय, पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. अंगात खाकी शर्ट.

"कॅमेरा राह्यला वर," ते म्हणाले.

धुऱ्यावर शेतकरीणबाई आमच्या आधी येऊन बसली होती. तिने बोलू नका अशी खूण केली. हिरव्या धानातून ती दोन उंच पाखरं एकेक पाऊल टाकत निघाली होती, आणि त्यांच्या पायांशी धान मधूनच हलत होतं. आधी एक तपकिरी डोकं दिसलं. मग बऱ्याच वेळाने दुसरं.

"मोजा," ते मला म्हणाले.

मी मोजले. पुन्हा पहिल्यापासून मोजले. "चार."

"बराबर हाय?"

"बरोबर चार."

त्यांनी मान हलवली. "मंग काढा न फोटो."

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. सारसांच्या बरोबर मागे, दूरवर, तोच डीपीचा खांब, तेच पिवळं नाव. जागा बदलायची तर पाखरांच्या वाटेत जावं लागलं असतं. मी म्हटलं, "राहू दे काका. पाटी येते."

ते उठले, आणि लांबच्या धुऱ्याने, पाखरांना मोठा वळसा घालून, कंबरेत वाकून चालत गेले. त्यांना तिकडे पोचायला बराच वेळ लागला. मग ते खांबासमोर, नावाच्या पुढ्यात, पाठ टेकून ताठ उभे राहिले. तिथून त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. डबल बेल.

मी बटण दाबलं.

नंतर माझी बदली भंडाऱ्याला झाली. दर हिवाळ्यात त्यांचा फोन येतो, तळ्यावर किती बदकं उतरली तो नेमका आकडा सांगतात आणि ठेवून देतात. तो फोटो मात्र मी कुठे पाठवला नाही. मोठा करून घरात लावलाय. येणारे जाणारे बघतात, वाखाणतात, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "मागे मध्येच तो खाकी डाग आलाय बघ. तेवढा काढून टाक, म्हणजे झकास होईल."

मी म्हणते, असू दे. त्यांचा माझ्याकडे तेवढा एकच फोटो आहे.